बिनपिसांचा बाण

ठाण्यात आणि नवी मुंबईत हौसेनं रिकर्व्ह किंवा लाँगबो ही पारंपरिक धनुष्यं चालवणारी माणसं थोडीच, पण त्यांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो: मोठ्या जनावरासाठी बाण कसा असावा? परदेशी व्हिडिओंमध्ये एल्क आणि मूस ही अवाढव्य हरणं, रानम्हैस यांच्यासाठी सहाशे-सातशे ग्रेनचे, म्हणजे 39 ते 45 ग्रॅमचे जड बाण दाखवतात. ते बघून इथला माणूस ओढायला 42 पौंड जोर लागणाऱ्या आपल्या धनुष्यावर तसाच बाण चढवतो. बाण शेपूट हलवत, लटपटत जातो आणि लक्ष्यात तिरका रुततो. मग दोष धनुष्याला दिला जातो, किंवा दोरी सोडण्याच्या पद्धतीला, किंवा वाऱ्याला. बाणाकडे कुणी बघत नाही.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. भारतात शिकार बेकायदा आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 नुसार अनुसूचीतल्या वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा नुसता प्रयत्न, जखमी करणं, हाकारणं, आमिष लावणं हे सगळं बसतं. येऊरच्या जंगलात सांबर आहे, चितळ आहे, रानडुक्कर आहे, म्हणून तिकडे धनुष्य घेऊन जाण्याचा विचारसुद्धा नको. इथं आपण बाण जुळवतो ते फोमच्या ठोकळ्यासाठी. तरीही मोठ्या जनावराच्या शिकारीचा बाण समजून घेण्यात अर्थ आहे, कारण बाणाकडून सगळ्यात कडक अपेक्षा तिथं असतात. फोमवर तिरका बसलेला बाण फार तर एक-दोन गुण घालवतो. दक्षिण आफ्रिकेत किंवा अमेरिकेत, जिथं परवान्यानं धनुष्याची शिकार होते, तिथं तिरका बसलेला बाण म्हणजे जखमी होऊन दिवसभर तडफडणारं जनावर. त्या कसोटीला उतरणारा बाण ज्याला जुळवता येतो, त्याचा कुठलाही बाण नीट जातो.

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं काम डॉ. एड ॲशबी यांचं. 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात त्यांनी खऱ्या जनावरांवर बाणांच्या वेधाचा, म्हणजे बाण किती खोल शिरतो याचा, अभ्यास केला आणि पुढं वेध ठरवणाऱ्या बारा गोष्टींची क्रमवार यादी मांडली. यादीत पहिला क्रमांक बाणाच्या मजबुतीचा. म्हणजे आदळल्यावर शाफ्ट (बाणाची काठी), इन्सर्ट (शाफ्टमध्ये टोक बसवायचा तुकडा), पातं यातलं काहीही मोडता, वाकता कामा नये. दुसरा क्रमांक बाणाच्या सरळ उड्डाणाचा. वजन त्याच्या बरंच खाली येतं. लोक नेमकं उलट करतात. आधी वजन वाढवतात, मग पातं शोधतात, आणि बाण सरळ जातो का हे बघायचं राहूनच जातं. तिरका आदळलेला बाण आपली शक्ती शाफ्ट वाकवण्यात आणि कडेनं घासण्यात घालवतो. टोकामागं जोर लागण्याऐवजी तो शाफ्टच्या कुशीला लागतो. अशा वेळी 650 ग्रेन काय आणि 450 ग्रेन काय, दोन्ही वाया.

सरळ जाणं ठरतं ते स्पाइनवर, म्हणजे शाफ्टच्या ताठपणावर. बोटांनी दोरी सोडली की ती बोटांवरून घरंगळत थोडी बाजूला सरकते. मागून जोराचा धक्का आणि पुढं टोकाचं जड वजन, यांच्यामध्ये सापडलेला शाफ्ट वाकतो. आधी त्याचा मधला भाग रायझरकडे, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाकडे दबतो, मग उलट बाहेर फेकला जातो, आणि असं वळत वळत तो रायझरला वळसा घालून शेपटी न घासता निघून जातो. 1930च्या दशकात हिकमन, क्लॉपस्टेग यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी हे अभ्यासलं, वेगवान कॅमेऱ्यानं टिपलंही. शाफ्ट फार ताठ असेल तर तो पुरेसा वळत नाही आणि उजव्या हाताच्या धनुर्धराचा बाण डावीकडे जातो. फार मऊ असेल तर जास्त वाकून उजवीकडे जातो.

शाफ्टवर छापलेला आकडा हा स्थिर ताठपणाचा. कार्बन शाफ्ट 28 इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवून मधोमध 1.94 पौंड, म्हणजे 880 ग्रॅम वजन टांगायचं. तो अर्धा इंच वाकला तर 500 स्पाइन, 0.6 इंच वाकला तर 600. आकडा मोठा तितका शाफ्ट मऊ. लाकडी शाफ्टची पद्धत वेगळी: टेकूंमध्ये 26 इंच, वजन 2 पौंड, आणि 26 ला आलेल्या वाकानं भागायचं. 0.52 इंच वाक म्हणजे 50 पौंडांचा स्पाइन. हे मोजायला दुकानातलं यंत्र लागत नाही. फळीवर 66 सेंटिमीटर अंतरानं दोन खिळे, 907 ग्रॅमचं वजन आणि व्हर्नियर एवढ्यावर भागतं. 13.2 मिलिमीटर वाकला तर 50 पौंड, 14.7 वाकला तर 45. लाकडी शाफ्ट प्रत्येक बाजूनं फिरवून मोजावा. वर्षवलयांच्या रेषा ज्या बाजूनं कडेला येतात त्या बाजूनं तो ताठ लागतो, आणि तीच बाजू रायझरकडे यायला हवी. म्हणून नॉकची, म्हणजे बाणाच्या दोरीत बसणाऱ्या मागच्या टोकाची, खाच त्या रेषांना काटकोनात कापतात. शिवाय शाफ्टच्या अंगावर रेषांची निमुळती टोकं दिसतात. वरच्या अंगाची टोकं पुढच्या दिशेला हवीत, म्हणजे शाफ्ट फाटलाच तर ढलपी हाताकडे न येता पुढं जाते.

पण छापील आकडा हा अर्धाच हिशोब. धनुष्यावर चढल्यावर शाफ्ट किती वाकतो ते त्याची लांबी आणि टोकाचं वजन ठरवतात. आंबे उतरवायची झेल्याची काठी धरलेल्याला हे सांगावं लागत नाही: काठी हातभर जास्त बाहेर काढली की ती लवते, आणि झेल्यात दोन आंबे पडले की आणखी लवते. बाणाचंही तसंच. लांबी वाढली की बाण मऊ वागतो, टोक जड झालं की मऊ वागतो. लांबी कमी केली की ताठ. लाकडी बाणांसाठी जुना अंदाज असा आहे की 28 इंचांच्या वर दर इंचाला आणि 125 ग्रेनच्या वर टोकाच्या दर 25 ग्रेनला पाच पौंड जास्त स्पाइन धरावा. व्हिडिओत बघून नुसतं 250 ग्रेनचं टोक लावणाऱ्याचा बाण लटपटतो तो याच कारणानं. टोकासोबत शाफ्ट बदललेला नसतो.

आता धनुष्याकडे. त्यावर लिहिलेलं वजन 28 इंच खेचीचं असतं. 45 पौंड असं लिहिलेलं धनुष्य 27 इंचच खेचणाऱ्याच्या बोटांवर साधारण 42-43 पौंड येतात, कारण दर इंचाला दोन ते अडीच पौंडांचा फरक पडतो. अंदाज न करता सामान तोलायच्या हुकच्या डिजिटल काट्यानं आपल्या खेचीला किती पौंड येतात ते मोजावं. खेचही नीट मोजावी. लांब शाफ्टवर पेननं खुणा करून, दुसऱ्या माणसाला बाजूला उभं करून, नेहमीच्या दमानं खेचावं. मोजतोय म्हटल्यावर माणूस छाती फुगवून इंचभर जास्त खेचतो. म्हणून दहा-बारा बाण मारून झाल्यावर, अंग सैल झालं की मोजलेलं खरं.

रायझरची खिडकी, म्हणजे बाणासाठी कापलेली जागा, मध्यरेषेपर्यंत किंवा तिच्याही आत कापलेली असेल तर धनुष्य ताठ बाण चालवून घेतं. जुन्या धाटणीच्या लाँगबोला, जिथं बाण मध्यरेषेच्या बराच बाहेर बसतो, तिथं मऊ बाण लागतो. दोरीचाही फरक आहे. डॅक्रॉनची दोरी ताणते, धक्का थोडा गिळते. फास्ट फ्लाइटसारख्या न ताणणाऱ्या दोरीवर तोच बाण मऊ वागायला लागतो. जुन्या लाकडी धनुष्याची टोकं मजबूत केलेली नसतील तर ती दोरी लावूच नये, टोकं फाटतात.

या सगळ्याचा हिशोब मांडून शाफ्ट बनवणाऱ्यांचा स्पाइनचा तक्ता बघितला तर 43 पौंड आणि 30 इंचांच्या बाणाला 500 किंवा 600 कार्बन निघतो. तक्ता दाखवतो ती सुरुवात. डझनभर शाफ्ट एकदम मागवू नयेत. दोन्ही स्पाइनचे तीन-तीन, न कापलेले शाफ्ट आणि 100 पासून 200 ग्रेनपर्यंतच्या स्क्रू-इन टोकांचा एक संच घ्यावा. बहुतेक शाफ्ट बाहेरून येतात, महाग पडतात, आणि चुकीच्या स्पाइनच्या डझनाचं नंतर काहीच करता येत नाही.

वजनाबद्दल. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन. सराफांची जुनी गुंज आठवत असेल तर ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेचा. जांभळी नाक्याच्या बाजारात सराफी वजनाचे 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारे छोटे डिजिटल काटे मिळतात, ते बाणासाठी उत्तम. पारंपरिक धनुष्याला दर पौंडामागं 8 ते 10 ग्रेन वजनाचा बाण मानवतो. 43 पौंडांवर 9 ते 10 ग्रेनच्या हिशोबानं 387 ते 430 ग्रेन, म्हणजे 25 ते 28 ग्रॅम. पौंडामागं पाच ग्रेनच्या खाली गेलं की धनुष्याची शक्ती बाणात न जाता लिंब्जमध्ये, म्हणजे धनुष्याच्या दोन भुजांमध्ये उरते आणि ती रिकामी दोरी सोडल्यासारखी घातक ठरते.

जड बाणाला वेग कमी मिळतो पण धनुष्याची शक्ती तो जास्त उचलतो. ढोबळ आकडे घेऊ. 29 ग्रॅमचा बाण सेकंदाला 52 मीटरनं निघाला तर ऊर्जा 39 ज्यूल आणि संवेग 1.5. त्याच धनुष्यावरून 42 ग्रॅमचा बाण 44 मीटरनं निघाला तर ऊर्जा जवळपास तेवढीच, 41 ज्यूल, पण संवेग 1.85 होतो. मांस, बरगडी पार करून जाण्यात संवेगाचं काम मोठं, म्हणून मोठ्या जनावराचे शिकारी जड बाणाच्या मागं असतात. ॲशबींच्या अभ्यासात जाड हाड फोडायला 650 ग्रेन ही पायरी आली आहे. त्याची किंमतही आहे. जड बाण लवकर खाली येतो आणि अंतराच्या अंदाजातली चूक मोठी दिसते. म्हणूनच पारंपरिक धनुष्याचे बहुतेक शिकारी 18-20 मीटरच्या पुढं बाण सोडत नाहीत. आपल्याला हाड फोडायचं नाही. 43 पौंडांच्या धनुष्याला 410 ग्रेनचा बाण पुरून उरतो, आणि तो बोटांनाही सुखाचा.

असा बाण बनतो कसा ते उघडून बघू. 600 चा शाफ्ट इंचाला साडेसात ग्रेन धरला तर 30 इंचांचे 225 ग्रेन. नॉक 9, चार-चार इंचांची तीन पिसं 8, ॲल्युमिनियमचं इन्सर्ट 18, टोक 150. एकूण 410, म्हणजे 26.6 ग्रॅम. हा बाण बोटाच्या कडेवर तोलला तर नॉकच्या खाचेपासून साडेवीस इंचांवर समतोल येतो. निम्म्या लांबीपासून, म्हणजे 15 पासून तो साडेपाच इंच पुढं. साडेपाचला 30 नं भागून 18 टक्के, हा एफओसी (फ्रंट ऑफ सेंटर), म्हणजे समतोल मध्यापासून किती पुढं आहे ते. त्याच बाणाला 100 ग्रेनचं टोक लावलं तर तो 14 टक्क्यांवर येतो. एफओसी जास्त म्हणजे वजन पुढं, आणि पिसांना शेपटी सावरायला जास्त तरफ मिळते. ॲशबी 19 टक्क्यांच्या पुढच्या बाणाला अतिउच्च एफओसीचा म्हणतात आणि मोठ्या जनावरासाठी तोच पसंत करतात. लक्ष्याच्या सरावाला 12 ते 18 पर्यंत काहीही चालतं. या आकड्याच्या मागं धावून टोक वाढवत गेलात तर स्पाइन पुन्हा हातातून सुटतो. त्यामुळे आधी जुळणी, मग एफओसी जो येईल तो.

पिसं. शेल्फवरून, म्हणजे रायझरवरच्या बाण टेकायच्या कट्ट्यावरून सोडलेल्या बाणाला खरी पिसंच हवीत, प्लास्टिकची पाती नकोत. पीस शेल्फला लागलं तर दबून जातं, प्लास्टिक उडी मारतं. बाजारात मिळतात ती टर्कीची, डाव्या किंवा उजव्या पंखाची. एका बाणावर दोन्ही मिसळू नयेत. पिसाला नैसर्गिक वळण असतं आणि त्याच वळणाच्या बाजूला दोन-तीन अंश तिरकं चिकटवलं की बाण फिरत जातो. ओळखायचं कसं? पीस नॉकच्या बाजूनं धरून वरून बघावं. कण्याशी असलेली पातळ कड डावीकडे दिसते की उजवीकडे, त्यावरून पंख कळतो, आणि एकदा एकाच पंखाची सहा पिसं शेजारी मांडून बघितली की पुढं नजरच सांगते. सरावाच्या साध्या टोकाला चार इंचांची तीन पुरतात. रुंद पात्याच्या शिकारी टोकाला, म्हणजे ब्रॉडहेडला पाच इंचांची घेतात, कारण पुढचं पातं स्वतःच पंखासारखं वारा पकडतं आणि मागच्या पिसांशी भांडतं.

इथंच एक मोह असतो. बाण लटपटतोय तर मोठी पिसं लावा. लावली की खरंच सरळ जातो, निदान दिसतो तसा. पण पिसांनी केलेली ती दुरुस्ती वेग खाऊन केलेली असते, आणि पहिल्या आठ-दहा मीटरात बाण तिरकाच असतो. शिकारीत कित्येकदा अंतरच तेवढं असतं. म्हणून जुळणी करायची ती बिनपिसांच्या बाणानं. पिसं काढली की बाण काहीही लपवू शकत नाही.

त्याची रीत अशी. तीन बाण पिसांचे, दोन-तीन अगदी तसेच पण बिनपिसांचे. पिसांच्या जागी अर्धा ग्रॅम पीव्हीसी टेप गुंडाळली की वजनही सारखं होतं. वेळ सकाळची निवडावी. दुपार चढली की खाडीकडून वारा सुटतो, घोडबंदरला काय आणि पाम बीचला काय, आणि बिनपिसांचा बाण जरा वाऱ्यानंही भरकटतो. लक्ष्य मोठं आणि मऊ हवं, मागं भिंत किंवा मातीचा बांध हवा. सोसायटीची गच्ची यासाठी नाही. बिनपिसांचा बाण कुठं जाईल ते आधी माहीत नसतं, तेच शोधायचं असतं.

नॉक दोरीवर कसा बसतो ते पहिलं बघावं. बाण दोरीवर लावून टोक खाली करून लटकवावा. तो टिकायला हवा, आणि दोरीवर बोटानं टिचकी मारली की पडायला हवा. टिचकीनं न पडणारा नॉक घट्ट, आपोआप पडणारा सैल. सैल नॉक सुटताना निसटला तर दोरी रिकामी जाते आणि धनुष्य तडकू शकतं. मग नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर नॉक बसायची जागा. दोरीवर चौकोनी पट्टी लावून शेल्फच्या काटकोनापासून पाच अष्टमांश इंच, म्हणजे सोळा मिलिमीटर वर सुरुवातीची गाठ बांधावी. पितळी खूण न लावता दोऱ्याची गाठ बांधली की ती फिरवून वरखाली करता येते.

आधी उंची जुळवायची, मग डावं-उजवं. दहा मीटरवरून पिसांचे तीन बाण, मग बिनपिसांचे, सगळे एकाच जागी रोखून. बिनपिसांचे वर लागले तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, तो वर घ्यायचा. खाली लागले तर तो फार वर आहे. एका वेळी दीड-दोन मिलिमीटर, जास्त नाही. यात एक सापळा आहे. नॉकिंग पॉइंट फारच खाली असेल तर बाणाची शेपटी शेल्फवर आपटून वर उसळते, आणि खूण अगदी उलटी दिसते, जणू पॉइंट वर आहे. माणूस तो आणखी खाली घेतो आणि सगळं बिघडत जातं. म्हणून सुरुवात नेहमी वरून करावी आणि हळूहळू खाली यावं.

उंची जमली की बाजू. उजव्या हाताच्या धनुर्धराचे बिनपिसांचे बाण पिसांच्या डावीकडे लागले तर शाफ्ट ताठ, उजवीकडे लागले तर मऊ. डावखुऱ्याला उलट. ताठ असेल तर टोक जड करा. मऊ असेल तर टोक हलकं करा, किंवा शाफ्ट कापा. न कापलेल्या शाफ्टनं सुरुवात केलेली असते ती यासाठीच: तो जरा मऊ वागतो आणि कापत कापत जागेवर आणता येतो. एका वेळी पाव इंच, सहा मिलिमीटर. प्रत्येक वेळी चिकटवलेलं इन्सर्ट काढावं लागू नये म्हणून नॉकच्या बाजूनं कापावं, नॉक नुसता ओढून निघतो. कार्बनला करवत किंवा पाइपकटर लावू नये, धागे उसवतात. पातळ घर्षणचकतीनं, मास्क लावून, शक्यतो ओल्या फडक्यानं धूळ धरत कापावं. टोक काटकोनात घासून घ्यावं.

शेवटचा थोडा फरक साइड प्लेटनं निघतो. बाण रायझरच्या ज्या जागी टेकतो तिथं चामड्याची एक पातळ पट्टी जास्त चिकटवली की बाण बाहेर सरकतो आणि ताठ वागतो. पट्टी काढली की मऊ. शाफ्ट जवळपास जुळला आहे, थोडाच मऊ आहे, अशा वेळी कापण्यापेक्षा ही पट्टी बरी. कापलेला शाफ्ट परत लांब होत नाही.

दहा मीटरवर जमलं की पंधरा, मग अठरा. अठरा मीटरवर बिनपिसांचे बाण पिसांच्या घोळक्यापासून चार-पाच बोटांच्या आत पडायला लागले की थांबावं. सगळे एकाच भोकात घालायच्या हट्टानं शाफ्ट कापून कापून आखूड झालेले पुष्कळदा दिसतात. आणि रुतलेल्या बाणाचा कोन बघून निष्कर्ष काढू नका. फोम मऊ कुठं, घट्ट कुठं, जुन्या भोकाची कड कुठं, यावर तो कोन बदलतो. बाण कुठं लागला ती जागा बघा.

आता दुसरा सापळा, आणि हा जास्त लोकांना फसवतो. शाफ्ट फारच मऊ असेल तर तो वाकून रायझरवर आपटतो आणि डावीकडे उडतो. खूण ताठ शाफ्टची दिसते. माणूस टोक जड करतो, शाफ्ट आणखी मऊ होतो, आणखी आपटतो, आणखी डावीकडे जातो. बदल करावा तसा दोष वाढत गेला, की हे ओळखावं. खात्री करायला साइड प्लेटवर आणि शेल्फवर टाल्कम पावडर लावून बाण सोडावा. पावडरीत ओरखडा कुठं उठला ते बघितलं की बाण टेकून निघून गेला की शेपटी घासून गेली ते कळतं. सुटताना टक असा लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज येत असेल तर पावडरीचीही गरज नाही.

तिसरी अडचण माणसाची. थकलेला हात खेच अर्धा इंच कमी करतो, धनुष्याचा जोर एखाद-दीड पौंडानं उतरतो आणि शाफ्ट ताठ दिसतो. दोरी खुडून सोडली तरी बाण डावीकडे जातो. त्यामुळे एका बाणावर कधीही निर्णय घेऊ नये, तिन्ही एकाच बाजूला जायला हवेत. तीन तीन दिशांना गेले तर त्या दिवशी धनुष्य उतरवून ठेवावं. माझ्या मते जुळणीत सगळ्यात जास्त शाफ्ट वाया जातात ते चुकीच्या तक्त्यामुळे नव्हे, संध्याकाळी दमल्यावर घेतलेल्या निर्णयामुळे.

जिथं शिकार कायदेशीर आहे तिथं याच्या पुढं एक पायरी असते. टोकाच्या जागी तेवढ्याच ग्रेनचं ब्रॉडहेड लावून, पंचवीस मीटरवर दोन्हींचा घोळका एकत्र पडतो का ते बघतात. पातं बसवल्यावर बाण टोकावर उभा करून भोवऱ्यागत फिरवतात. हाताला थरथर जाणवली तर पातं मध्यात नाही, आणि ते तसंच सोडलं तर पिसं काहीही करू शकत नाहीत. एकाच बाजूनं धार काढलेलं पातं असेल तर त्याच्या धारेचं वळण आणि पिसांचं वळण एकाच दिशेचं हवं, म्हणजे उजव्या धारेला उजव्या पंखाची पिसं. नाहीतर हवेत एका बाजूला फिरणारा बाण आत शिरताना उलट फिरायला बघतो आणि फिरणंच थांबतं. बिनपिसांची जुळणी नीट झालेली असेल तर ही पायरी सहसा अडत नाही. अडली तर जवळपास नेहमी दोष स्पाइनचाच निघतो.

आपल्याकडे अडतं ते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की लाकडी शाफ्ट तो पितो, जड होतो आणि मऊ होतो. एप्रिलमध्ये जुळलेला सीडर लाकडाचा बाण जुलैत उजवीकडे जायला लागला तर धनुष्याला दोष देण्याआधी बाण काट्यावर ठेवावा. एप्रिलचं वजन लिहून ठेवलेलं असेल तर उत्तर लगेच मिळतं. लाकडी शाफ्टला पॉलियुरेथेनचे तीन-चार पातळ हात, त्यातला एक नॉक आणि टोक बसवायच्या निमुळत्या भागालाही, एवढं केलं तर फरक बराच आटोक्यात राहतो. बाण भिंतीला तिरके टेकवून ठेवले की पावसाळ्यात हमखास वाकतात. आडवे, सपाट ठेवावेत किंवा नॉकला धरून लटकवावेत. पिसं भिजली की चिकटून दोरीसारखी होतात आणि पिसांचा बाण बिनपिसांचा होतो. वाफेवर धरली तर पुन्हा फुलतात. फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद ओलाव्यानंच आवळतो, त्यामुळे पावसाळ्यात पीस जागेवर सरकवायला वेळच मिळत नाही. फ्लेचिंग जिगमध्ये, म्हणजे पिसं चिकटवायच्या साच्यात, पीस आधी नीट बसवून मगच गोंद लावावा. इंडियन राऊंड या देशी स्पर्धाप्रकाराची बांबूची धनुष्यं आणि लाकडी बाण वापरणाऱ्या मुलांच्या पालकांनी तर हे सगळं लक्षात ठेवायलाच हवं. मुलाचा नेम बिघडला म्हणून त्याला बोलण्याआधी बाण वाकलाय का ते एकदा बघावं.

कार्बनला ओलाव्याची भीती नाही, पण त्याची भीती वेगळी आणि जास्त गंभीर आहे. दगडावर किंवा दुसऱ्या बाणावर आदळलेल्या शाफ्टला न दिसणारी भेग पडते. असा बाण सोडताना फुटला तर त्याचे तुकडे थेट धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. म्हणून प्रत्येक फेरीआधी बाण दोन्ही टोकांना धरून थोडा वाकवावा, फिरवून पुन्हा वाकवावा, कानाजवळ धरून ऐकावं. बारीकशी करकर ऐकू आली तरी तो बाण मोडून टाकावा. भात्यात परत ठेवला तर दुसरा कुणीतरी तो उचलतो.

जुळणी संपली की सगळं वहीत उतरवून ठेवावं: खेचीला आलेले पौंड, शाफ्टचा स्पाइन आणि खाचेपासून कापलेल्या टोकापर्यंतची लांबी, टोकाचं वजन, पूर्ण बाणाचे ग्रॅम, दोरीची जात आणि धागे, धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंतची उंची, नॉकिंग पॉइंट, साइड प्लेटची जाडी. बाणांवर क्रमांक घालावेत. डझनातले एक-दोन बाण नेहमी घोळक्याबाहेर जातात, आणि क्रमांक असला तरच कळतं की दर वेळी तोच जातोय. त्याचा नॉक एक घर फिरवून बघावा. पुष्कळदा तेवढ्यानं तो घोळक्यात येतो, कारण कार्बन शाफ्टलासुद्धा एक ताठ बाजू असते आणि ती चुकीकडे आलेली असते. तरीही नाही आला तर तो सरावातून बाजूला काढावा. दोरी बदलली, टोकाची कंपनी बदलली, किंवा सरावानं खेच अर्धा इंच वाढली, की पिसं काढलेले दोन बाण पुन्हा बाहेर काढायचे आणि दहा मीटरवरून पहिल्यापासून सुरू करायचं.